नायिकेच्या श्रद्धेचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय ते दाखवा

प्रश्न थोडक्यात असा होता. पहिलीच कादंबरी आहे, नायिकेचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, बोटीचाही पत्ता नाही, सगळे म्हणतात आता सोड नाद, ती म्हणते तो जिवंत आहे, देवावर तिचा पूर्ण भरवसा आहे, आणि शेवटच्या प्रकरणात नवरा खरंच परत येतो. हस्तलिखित वाचलेल्या तिघांनीही एकच सांगितलं की नायिका चांगली आहे पण कंटाळा येतो, प्रवचन ऐकतोय असं वाटतं. मग गाजलेल्या कादंबऱ्यांत आणि सिनेमांत तरी दुसरं काय असतं, श्रद्धा, धैर्य, प्रेम हेच ना, ते तिथे चालतं आणि माझ्याकडे का नाही चालत?

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट्स आणि हस्तलिखितं दुरुस्त करायचं काम करतोय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत सतत समोर येतो. बहुतेक लोक यावर सांगतात की नायिकेला थोडे दोष द्या, तिला मधूनमधून शंका येऊ द्या, तिला जरा विनोदी करा. करा हवं तर, पण त्याने आजार जात नाही. तुमची नायिका कंटाळवाणी वाटते कारण तिच्या श्रद्धेचा त्रास कोणालाच होत नाहीये. ती प्रार्थना करते, शेजारी हळहळतात, दिवस जातात. तिच्या विश्वासाचं बिल कोणाच्याच नावावर फाटत नाही, आणि वाचकाला हे बरोबर कळतं, त्याला शब्दात सांगता येत नाही म्हणून तो "प्रवचन" म्हणतो.

गाजलेली कामं या नजरेने एकदा बघा, मग लक्षात येईल की श्रद्धावान माणसाच्या बाजूला जवळजवळ नेहमी कोणीतरी उभं असतं जे त्या श्रद्धेची किंमत मोजतंय. आणि पुष्कळदा आपण त्या दुसऱ्या माणसामुळेच पहिल्यावर विश्वास ठेवतो.

आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम', 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला वगैरे सगळं आपण अभिमानाने सांगतो, पण तो सिनेमा आज बघतानाही का धरून ठेवतो तर माझ्या मते त्याचं निम्मं श्रेय जिजाईला आहे, म्हणजे गौरीबाईंनी केलेल्या त्या कामाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अगदी निवांत, गोड, देवात रमलेला, तो एकटा असता तर दोन तासांत आपण पेंगलो असतो. पण घरात खायला नाही, पोर आजारी, आणि नवरा अभंगात. ती नवऱ्याला बोलते, देवालाही सोडत नाही, आणि तिचं म्हणणं चूक नाहीये हो, तेच तर महत्त्वाचं आहे! सिनेमा तिला मूर्ख ठरवत नाही. तिच्या प्रत्येक करवादण्यातून आपल्याला समजतं की तुकारामाची भक्ती फुकट नाहीये, तिचा हप्ता ही बाई रोज भरतेय. आणि तिचं त्याच्यावर प्रेम आहे हेही त्याच भांडणात दिसतं, वेगळा प्रेमाचा सीन लिहावा लागत नाही. शेवटी तो विमानात बसून जातो आणि ती खाली जमिनीवर राहते. चमत्कार पडद्यावर आहे, पण वजन खाली राहिलेल्या बाईकडे आहे.

आता तुमच्या कादंबरीत जिजाई कोण आहे? कोणीच नाही. सासूबाई आहेत त्या सुद्धा नायिकेसारख्याच समजूतदार.

परदेशी उदाहरण घ्यायचं तर 'ले मिझराब्ल', 1862. बिशपने चांदीच्या मेणबत्तीदानांसकट चोराला सोडून दिलं हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, जे पुस्तक वाचलेलं नाही त्यांनाही, पण माझ्या मते ह्यूगोचं खरं काम पुढे आहे. 19 वर्षं कैद भोगून आलेला ज्याँ व्हालज्याँ नाव बदलून एका गावाचा महापौर झालाय, कारखाना काढलाय, गाव त्याच्यावर जगतंय. आणि कळतं की कोणीतरी तिसराच माणूस व्हालज्याँ समजून पकडला गेलाय, त्याला शिक्षा होणार. गप्प बसलं की झालं. ह्यूगो त्याला रात्रभर तळमळत ठेवतो, पानंच्या पानं, आणि त्या रात्रीत गप्प बसण्याच्या बाजूची कारणं जी मांडलीत ती अजिबात फालतू नाहीत. गावाचं काय होणार? फँटीन मरायला टेकलीय, तिच्या मुलीला आणून देण्याचं वचन दिलंय, त्याचं काय? तो कोर्टात जाऊन खरं सांगतो, आणि मग काय होतं बघा: फँटीन मुलीचं तोंड न बघता मरते आणि नंतर गावाचा धंदाही बसतो. म्हणजे त्याच्या सचोटीचं बिल एका मरणाऱ्या आईने भरलं. एवढं होऊनही आपल्याला तो बरोबरच वाटतो, पण स्वस्तात बरोबर वाटत नाही. हा फरक तुम्हाला हवाय.

शुसाकू एन्दोची 'सायलेन्स' (1966) तर या एकाच गोष्टीवर उभी आहे. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी, पोर्तुगीज पाद्री पकडला गेलाय, स्वतः छळ सोसून हुतात्मा व्हायची त्याची मनाची तयारी आहे. अधिकारी त्याला हातच लावत नाहीत. रात्री कोठडीत त्याला घोरण्यासारखा आवाज येतो, त्याला वाटतं पहारेकरी झोपलाय, आणि मग कळतं की ते घोरणं नाही, खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचं कण्हणं आहे, आणि त्यांची सुटका याने येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवला तरच होणार. आता श्रद्धा कशाला म्हणायची, पाय न ठेवण्याला की ठेवण्याला? एन्दो स्वतः कॅथलिक होता आणि तरीही त्याने सोपं उत्तर दिलं नाही. (2016 च्या सिनेमात शेवटी पाद्र्याच्या मृतदेहाच्या हातात लहानसा क्रूस दिसतो, पुस्तकात तो नाही. मला तो क्रूस जरा जास्तच वाटतो, प्रेक्षकाला घरी जाताना हातात काहीतरी द्यायचं म्हणून दिल्यासारखा, पण यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत.)

हे सगळं श्रद्धेबद्दल झालं, आणि मी मुद्दामच त्यावर जास्त वेळ घालवतोय, कारण तीनपैकी लिहायला सगळ्यात अवघड तीच. प्रेम दोन माणसांत असतं, धैर्य कृतीत दिसतं, श्रद्धा डोक्याच्या आत असते आणि लेखकाच्या हातात एक फार वाईट सोय असते, ती म्हणजे शेवट. शेवट लेखकाचाच असल्यामुळे तो कधीही नायिकेला बरोबर ठरवू शकतो. नवरा परत आला, श्रद्धा जिंकली, टाळ्या. वाचक मनात म्हणतो, जिंकणारच ना, तूच लिहिणारा आणि तूच परत आणणारा.

'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रूसेड' (1989) मधला तो दरीवर पाऊल टाकायचा प्रसंग आठवा. समोर पोकळी, पुस्तकात लिहिलंय की विश्वासाने पाऊल टाक, तो टाकतो, आणि खाली दगडाचा पूल असतो, फक्त खडकाशी इतका मिळून गेलेला की दिसत नव्हता. मला तो सीन आवडतो, पण श्रद्धा म्हणून बघितलं तर ती गॅरंटी कार्डवाली श्रद्धा आहे, बापाच्या डायरीत सगळं लिहून ठेवलेलं. मग तो सीन चालतो कशामुळे? मागे बापाला गोळी लागलीय आणि तो मरतोय म्हणून. इंडीला देवावर विश्वास बसला असं नाही, त्याच्याकडे दुसरा रस्ताच उरलेला नाही. प्रेमाने ढकललं म्हणून पाऊल पडलं. लोकप्रिय गोष्टींत हा क्रम फार वेळा दिसेल तुम्हाला: कोणावर तरी जीव आहे म्हणून जायचं, पुढे काय आहे ते माहीत नाही म्हणून भरवसा, आणि पाय थरथरत असताना टाकला ते धैर्य. तीन वेगवेगळे गुण तीन वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून दिले की नायिका गुणांची यादी होते, आणि तुमच्या हस्तलिखितात नेमकं तेच झालंय, प्रकरण चार श्रद्धा, प्रकरण नऊ धैर्य, मध्ये फ्लॅशबॅकमध्ये प्रेम.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे 'काँटॅक्ट' (1997). शास्त्रज्ञ बाई, पुराव्याशिवाय काही न मानणारी, तिला असा अनुभव येतो ज्याचा पुरावा तिच्याकडे नाही, आणि चौकशी समितीसमोर बसून ती सांगते की मी सिद्ध करू शकत नाही पण नाकारूही शकत नाही. म्हणजे श्रद्धेचा प्रश्न आधी जिने दुसऱ्यांना विचारला तिच्याच गळ्यात घातला. यात गंमत अशी की प्रेक्षकाला गुपचूप एक पुरावा दिलाय, रेकॉर्डरवर सुमारे 18 तासांची खरखर भरलेली आहे, पण तो तिला सांगितलेला नाही. माझा सल्ला विचाराल तर चमत्कार किंवा पुरावा द्यायचाच असेल तर असा द्या, निर्णय होऊन गेल्यावर, आणि शक्यतो चुकीच्या माणसाच्या हातात. निर्णयाच्या आधी दिलात तर ती श्रद्धा राहत नाही, नुसती माहिती होते.

आणि श्रद्धा दाखवायला देवाचं नाव घ्यावंच लागतं असंही नाही. टोल्कीनने 1953 मध्ये एका पाद्री मित्राला पत्रात लिहिलं होतं की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे मुळात धार्मिक, कॅथलिक पुस्तक आहे, आणि म्हणूनच त्यातून त्याने पूजाअर्चा, पंथ असले उल्लेख जवळजवळ सगळे काढून टाकले. म्हणूनच काढले, हे लक्षात घ्या! पुस्तकभर देऊळ नाही की पुजारी नाही, आणि तरी नायक फ्रोडोच्या सोबती सॅमचं ते एकेक पाऊल पुढे टाकणं याला भरवशाशिवाय दुसरं नाव नाही. तुम्ही हाच प्रयोग करून बघा, एक संपूर्ण ड्राफ्ट असा की "देव", "श्रद्धा", "विश्वास" हे शब्द नायिकेच्या तोंडी एकदाही नाहीत. नंतर हवे तिथे परत आणा. फार थोडे परत आणावेसे वाटतील.

त्याच पुस्तकात अजून एक गोष्ट आहे जी लोक विसरतात, फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो. नष्ट करायला आणलेली अंगठी ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचून तो टाकत नाही, माझीच म्हणतो. काम होतं ते त्याच अंगठीसाठी झटापट करणाऱ्या गॉलममुळे, आणि गॉलम जिवंत असतो कारण आधी अंगठीचा जुना मालक बिल्बोने आणि मग फ्रोडोने त्याच्यावर दया केलेली असते. म्हणजे धैर्य कमी पडलं तिथे जुनी दया कामाला आली. इतक्या लोकप्रिय गोष्टीचा नायक इतक्या मोक्याला हरतो आणि वाचक त्याला शून्य मार्क देत नाही, उलट जास्त जवळचा मानतो, यावर जरा विचार करा, कारण तुमची नायिका तीनशे पानांत एकदाही हरत नाही.

धैर्याचं सांगायचं तर त्यात लोक भीती दाखवायला विसरतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. जास्त उपयोगाचं असं की धैर्य ओळखू यायला ते दिसायला साधं असावं लागतं. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (1960) मध्ये ॲटिकस, म्हणजे एका निरपराध काळ्या माणसाचा खटला लढवणारा वकील, पिसाळलेल्या कुत्र्याला एका गोळीत पाडतो, मुलं थक्क होतात, बाबा भारी आहेत म्हणून. आणि लगेच पुढच्याच प्रकरणात हार्पर ली मुलांना एका कजाग म्हातारीच्या घरी वाचून दाखवायला पाठवते, जी मरण्याआधी मॉर्फीनचं व्यसन सोडायचा हट्ट धरून बसलेली असते. ती मेल्यावर ॲटिकस सांगतो की हातात बंदूक घेतलेला माणूस म्हणजे धैर्य असं तुम्हाला वाटू नये म्हणून तिच्याकडे पाठवलं होतं. कुत्रा आधी आणि म्हातारी नंतर, हा क्रम किती हुशारीचा आहे! सिनेमात (1962) ती म्हातारी जेमतेम दिसते, मॉर्फीनची गोष्ट नाहीच. कारण समजू शकतं, अंथरुणावर पडून काहीतरी न घेणं कॅमेऱ्याला दाखवायला अवघड आहे. पण कादंबरीला ते सहज जमतं. तुम्ही कादंबरी लिहिताय, मग सिनेमाचं धैर्य कशाला उसनं घेताय? ते वादळात होडी घेऊन जायचं प्रकरण म्हणतोय मी. होडीचं वादळ सिनेमा तुमच्यापेक्षा दहापट चांगलं दाखवेल.

ॲटिकसच्या धैर्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं? त्याच्या पोरांच्या. अंधारात हल्ला होतो तो मुलांवर.

'हाय नून' (1952) मध्ये हा हिशोब फार कडक मांडलाय. गुंड दुपारच्या गाडीने येणार, मार्शल गावात मदत मागत फिरतो, चर्चमध्ये सुद्धा जातो आणि तिथे चर्चा करकरून लोक त्याला एकटं सोडतात. पण मला त्या सिनेमात बायकोचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ती क्वेकर आहे, हिंसा तिच्या धर्मात बसत नाही, आणि ते तिने हौसेने घेतलेलं नाही, तिचे वडील आणि भाऊ गोळीनेच मेलेत. नवरा लढणार म्हटल्यावर ती गाडी पकडायला निघते. आणि शेवटी तीच बंदूक उचलून एकाला पाठीत गोळी घालते, नवऱ्याला वाचवायला. टाळ्या वाजवायचा सीन आहे तो, पण नीट बघितलंत तर तिने काय गमावलं ते दिसतं. नवऱ्याच्या धैर्याचं बिल बायकोच्या श्रद्धेने भरलं. श्रद्धा आणि प्रेम एकाच बाजूला उभे असले की सीन मऊ पडतो, त्यांना समोरासमोर उभं केलं की माणूस दिसतो.

खऱ्या माणसांवरच्या गोष्टींत अजून एक अडचण असते, खरं कधीकधी पडद्याला झेपत नाही. 'हॅकसॉ रिज' (2016) डेस्मंड डॉसवर आहे, शस्त्र न उचलणारा सैनिक, ओकिनावाच्या कड्यावरून त्याने जखमी माणसं खाली उतरवली. किती, तर त्याच्या मते साधारण 50, अधिकाऱ्यांच्या मते 100, शेवटी मधला आकडा 75 धरला गेला. पुढे तो स्वतः जखमी झाल्यावर आपला स्ट्रेचर दुसऱ्या जास्त जखमी सैनिकाला देतो, हे खरंच घडलेलं आहे आणि सिनेमात ते वगळलंय. बरंच केलं, इतक्यानंतर ते आलं असतं तर प्रेक्षकाने हात टेकले असते. पण पहिल्या अर्ध्या भागात बाकीचे सैनिक त्याला मारतात, छळतात, ते ठेवलंय आणि ते योग्यच आहे, कारण त्यांची शंका बरोबर आहे की उद्या मला गोळ्या लागत असताना हा बंदूक न उचलणारा माझ्या काय कामाचा? शंका घेणाऱ्याला डोकं द्या. तुमच्या कादंबरीत दीर नायिकेला "विसर आता" म्हणतो तो जणू दुष्ट म्हणूनच म्हणतो.

'चॅरियट्स ऑफ फायर' (1981) मधून एक छोटी युक्ती घ्यायची तर ती वेळेची. एरिक लिडेल रविवारी धावणार नाही म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर सोडतो. प्रत्यक्षात त्याला वेळापत्रक काही महिने आधीच माहीत होतं आणि त्याने 400 मीटरची तयारी केली, आणि ती जिंकलीही. सिनेमात मात्र त्याला ते जहाजावर चढताना कळतं. इतिहास म्हणून हे चूक, सीन म्हणून बरोबर, कारण निर्णय आणि त्यावरचा दबाव एकाच वेळी येतो. तुमच्या नायिकेला निर्णय घ्यायला दोन वर्षं आहेत. तिला एक तारीख द्या.

प्रेमाबद्दल मी थोडक्यात सांगतो कारण त्यात तुमची चूक लहान आहे. तुम्ही प्रेम बक्षीस म्हणून ठेवलंय, श्रद्धा ठेवली म्हणून नवरा मिळाला. 'कॅसाब्लांका' (1942) इतकी वर्षं टिकला त्यात बक्षीस न देण्याचा मोठा वाटा आहे. शूटिंग चालू असताना स्क्रिप्ट लिहिलं जात होतं, शेवट पक्का नव्हता, आणि तरी शेवटी नायक बाईला नवऱ्याबरोबर विमानात बसवतो. पण आजच्या डोळ्यांनी बघताना मला तिथेही बिलाचं वाटप खटकतं: त्यागाचं श्रेय रिकला आणि निर्णय इल्साच्या वतीने त्यानेच घेतलेला. आज लिहाल तर तिला विचारा. 'सैराट' (2016) लोकांना शेवटासाठी आठवतो, मला त्यातलं पळून गेल्यानंतरचं परक्या शहरातलं जगणं जास्त शिकवून गेलं, एका खोलीत, पैसे नाहीत, संशय, भांडण, ती निघून जाते आणि परत येते. तिचं परत येणं म्हणजे त्या सिनेमातला प्रेमाचा सगळ्यात धीट क्षण आहे आणि त्यावर गाणं नाही.

खोट्या श्रद्धेचं पण एक वाक्य. 'देऊळ' (2011) मध्ये केश्याला झाडाखाली दत्त दिसतात, आणि गाव त्यावर बाजार उभा करतं. तिथे लबाड लोकांना नुसतं झोडपलं असतं तर सिनेमा व्याख्यान झाला असता. तो उभा राहतो कारण मध्यभागी केश्या खरा आहे, आणि आपल्याच देवाला बाजारातून सोडवायला मूर्ती चोरून नदीत सोडायची पाळी त्याच्यावरच येते. दुसऱ्यांच्या ढोंगाचं बिल भरणारा भक्त. दुकानदार सुखरूप.

आता तुमच्या कादंबरीत नेमकं काय करता येईल. नवरा बेपत्ता आहे, तो मेला असं कागदावर नोंदवायला नायिकेची सही लागते, असं काहीतरी ठेवा. (नियम कुठले लागू होतात ते तुमची गोष्ट जिथे घडते तिथले नीट बघून घ्या.) सही झाली तर अडकलेले पैसे सुटतात, त्यावर सासूचं औषधपाणी आणि दिराच्या घराचं कर्ज अवलंबून आहे. ती सही करत नाही. बस, आता तिच्या प्रत्येक प्रार्थनेला घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी दुखणं जोडलं गेलं. दीर दुष्ट राहत नाही, तोही भावासाठी रडलाय, फक्त त्याला हिशोब भागवायचाय. सासूला मुलगा हवाय आणि औषधही हवंय, ती कुठल्या दिवशी कोणाच्या बाजूने बोलेल सांगता येणार नाही, आणि माझ्या मते तीच तुमच्या पुस्तकातली सगळ्यात चांगली व्यक्तिरेखा होऊ शकते, नायिकेपेक्षाही.

मग नवरा परत यायला हवा का? येऊ दे, मी त्याच्या विरुद्ध नाही, लोकप्रिय गोष्टीत वाचकाला आनंद देणं हा गुन्हा नाही. 'हॅरी पॉटर'च्या शेवटच्या भागात (2007) हॅरी जंगलात मरायला चालत जातो आणि परत येतो, कोणी तक्रार करत नाही, कारण चालताना त्याला परत येणं माहीत नव्हतं, आणि परत आल्यावरही मेलेले मेलेलेच राहतात, फ्रेड उठून बसत नाही. तोच नियम लावा. नवरा परत येतो, पण तोपर्यंत घर गेलेलं आहे, किंवा सासू गेलेली आहे, आणि ती सहीअभावी गेली हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, नवऱ्याला सोडून. त्याला ते कोण सांगणार, कधी सांगणार, हा तुमचा शेवटचा सीन. आत्ताचा शेवटचा सीन किनाऱ्यावरचा मिठीचा आहे, तो दोन प्रकरणं आधी घ्या, छान लिहिलाय तो, फेकू नका.

सही न करण्याचं कारण नायिकेने कोणालाच नीट सांगू नये असं मला वाटतं. एकदा विचारल्यावर चिडावं, एकदा विषय बदलावा, एकदा खोटं कारण द्यावं की पेन सापडत नव्हतं. श्रद्धा असलेली माणसं रोज उठून श्रद्धेवर बोलत नाहीत, ती वैतागतात, झोप मोडली म्हणून चिडतात, आणि कधीकधी स्वतःलाच कळत नाही की हा भरवसा आहे की नुसता हट्ट. ही शेवटची शंका वाचकाला शेवटपर्यंत राहिली तरी चालेल. 'लाइफ ऑफ पाय' (2001) मध्ये 227 दिवस समुद्रात काढून आलेला मुलगा चौकशीला आलेल्यांना दोन गोष्टी सांगतो, एक वाघाची आणि एक माणसांची, आणि विचारतो की तुम्हाला कुठली बरी वाटते. वाचकाचं ओझं वाचकाकडेच राहतं, आणि म्हणून ते पुस्तक वाचून झाल्यावर लोक एकमेकांशी वाद घालतात.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी सासू आणि दीर यांचे सीन लिहून काढा, नायिकेला हातच लावू नका, तिचं निम्मं आपोआप बदलेल. मग तारीख टाका. प्रकरण सातमधलं चार पानांचं प्रार्थनेचं स्वगत पूर्ण काढून बाजूला ठेवा, त्यातली दोन वाक्यं कदाचित पुढे कुठेतरी भांडणात वापरता येतील. वादळातली होडी माझ्या मते जायला हवी, पण ती ठेवायचीच असेल तर नायिकेला बुडण्याची नाही, दिराची होडी न विचारता घेतल्याची भीती द्या. आणि नवीन ड्राफ्ट झाला की त्या तिघांपैकी ज्याला सगळ्यात जास्त कंटाळा आला होता त्यालाच आधी वाचायला द्या, फक्त विचारा की सही करायला हवी होती का. तो हो म्हणाला आणि दुसरा नाही म्हणाला तर ड्राफ्ट मला पाठवा, दोघेही "नायिका फार चांगली आहे" म्हणाले तर अजून एकदा सासूकडे जा.